घाणेरीचा उतार

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

उतारावर काम सुरू केलं. सकाळी सात ते अकरा, दुपारी दोन ते पाच. माणसं दोन, मी आणि साळू. साफ झालेली जागा एका खाटेएवढी.

जमीन आठ एकर. सैनिक म्हणून सरकारने दिली, त्याला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. अट अशी की दोन वर्षांत निम्मी तरी साफ करून कसण्याजोगी करायची, नाहीतर परत सरकारजमा. दीड वर्ष मी नोकरीतच होतो, सप्टेंबरात पेन्शनीवर आलो. म्हणजे हातात साडेतीन महिने. वर कडा, खाली ओढा, मधे हा उभा उतार आणि त्यावर माणसाच्या दीडपट उंच घाणेरी. लाल-पिवळी फुलं गावातून फार छान दिसतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. जवळ गेलं की काटे, उग्र वास आणि एकमेकांत गुंतलेल्या फांद्या. हात घालायला फट नाही.

साळूने मधेच कोयता थांबवून विचारलं, "आवं, घर कुटं बांधायचं ते आदी ठरवा. म्हंजी तितनं सुरवात करू."

मी म्हटलं, आधी वाट, मग घर. तिने जरा सपाट दिसणाऱ्या एका जागेकडे बोट केलं. "चूल हितं." आणि पुन्हा कामाला लागली.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पायाखाली माती सरकते. आज कड्याजवळच्या उंबराला दोर बांधून त्याचं दुसरं टोक कमरेला बांधलं. आता दोन्ही हात मोकळे राहतात. साळूलाही बांधला. ती म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच बांधून ठिवलंसा." तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

तिचं चुकत नाही. अठरा वर्षं ती माझ्या धाकट्या भावाच्या, सयाजीच्या घरात राहिली. मी वर्षाकाठी दोन महिने यायचो. सयाजी चांगला आहे, त्याची बायकोही वाईट नाही. पण चूल त्यांची. आमची पोरगी कराडला दिली तेव्हाही पाहुण्यांच्या पानात काय वाढायचं ते जावेने ठरवलं. घरची चार एकर मी पूर्वीच सयाजीच्या नावाने सोडून दिली होती. कष्ट तो करतो, जमीन त्याला असावी, असा विचार. पलटणीतून एका पत्राने ते काम उरकलं होतं. साळूला विचारायचं सुचलं नव्हतं. तिने नंतर एवढंच विचारलं, "आनि माजं काय ठरलं?" त्याचं उत्तर म्हणजे हा उतार.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

दीड एकर झालं. साळूच्या मनगटांना फोड आलेत. तिने हळद लावली आणि उद्याही येणार म्हणाली. मी नको म्हटलं नाही. माणूसबळ कमी आहे.

१६ डिसेंबर, रविवार

सव्वाचार एकर तोडून झाली. निम्म्याहून जास्त! वाळलेला ढीग आज पेटवला. दोन्ही बाजूंनी आधीच पट्टे काढून ठेवले होते, त्यामुळे आग ठरल्या जागी पेटली आणि ठरल्या जागी विझली. एकाही शेजाऱ्याच्या गवताला धग लागली नाही. हे काम पलटणीत केलं असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

इथे पाठ थोपटायला ज्ञानू होता. ज्ञानू आमचा शेजारी, सत्तरीचा, जन्म याच डोंगरात गेला. त्याने बिडी ओढत सगळं पाहिलं आणि म्हणाला, "हवालदार, घाणेरी जाळून मरत न्हाई. जाळली की बाळंत हुती."

मी म्हटलं, उपाय सांगा. तो म्हणाला, "कुदळीनं एकेक खोड मुळासकट काडायचं. दुसरा उपाय न्हाई." मी विचारलं, तुमची शेरडं कोवळा फुटवा खात नाहीत का. तो म्हणाला, "आमची शेरडं त्येला तोंड लावत न्हाईत." गावातली शेरडं लाडावलेली आहेत. दारात पाला आयता मिळाल्यावर डोंगर कोण चरेल?

७ जानेवारी १९७४, सोमवार

ज्ञानू बरोबर होता. प्रत्येक बुंध्यातून दहा-दहा फुटवे वर आलेत. काळ्या जळक्या उतारावर हिरवी लव दिसते.

आज दोघांनी मिळून कुदळीने खोडं काढली. दिवसभरात चोवीस. एका गुंठ्यात किती आहेत ते मोजून सव्वाचार एकरांचा हिशेब केला. या गतीने दीड वर्ष लागेल. आमच्याकडे सहा आठवडे आहेत. साळूला सांगितलं नाही. ती चुलीच्या जागेवरचे धोंडे वेचत होती.

१९ जानेवारी, शनिवार

रस्ता सापडला!

ओढ्याच्या खालच्या अंगाला धनगरांचा तळ पडला आहे. धुळा नावाचा तिशीचा गडी, त्याची आई बयाबाई आणि बासष्ट मेंढरं. विट्याच्या पलीकडच्या माळावरची माणसं. दिवाळी झाली की घाटाकडे येतात, पावसाआधी परत जातात. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून घेतात. रात्री मेंढरं शेतात बसवायची, शेताला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. आमच्या मळ्यात लहानपणी दरवर्षी बसायची.

मग उतारावर का नाही? मेंढरं फुटवा खातील, लेंड्या टाकतील, खुरांनी जमीन तुडवतील. तीन कामं एका फटक्यात. दिवसाही तिथेच ठेवायची, म्हणजे फुटवा उरणारच नाही. हे आजवर गावात कुणाला सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

धुळाने वर येऊन उतार पाहिला. एक कोंब खुडून वास घेतला. "ह्यो पाला आमच्याकडं न्हाई हवालदार. मेंढरं खात्याली का?"

मी म्हटलं, हिरवं आहे, का नाही खाणार.

बयाबाईने मला विचारलं, "गावातली शेरडं खात्यात का?"

मी म्हटलं, गावातल्या शेरडांना आयतं मिळतं. तुमची भुकेली आहेत. हे खरंच होतं. परवाच्या दुष्काळात त्यांची दोनशे मेंढरं होती, बासष्ट राहिली. बयाबाई म्हणाली, "ह्या बासष्टांस्नी म्या हातानं निवडुंग भाजून चारलाय." प्रत्येकीला नाव आहे. मला तर सगळी एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसतात.

धान्य नेहमीपेक्षा दीडपट कबूल केलं. धुळाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मिल्ट्रीतला मानूस हाय. फसवायचा न्हाई."

२२ जानेवारी, मंगळवार

मेंढरं उतारावर बसली. संध्याकाळपर्यंत खालच्या पट्ट्यातला फुटवा निम्मा साफ. सुरुवातीला नुसती हुंगत होती. मग एकीने तोंड लावलं, तिच्या मागून बाकीच्या. साळूने बयाबाईला भाकरी नेऊन दिली. दोघी बराच वेळ बोलत बसल्या होत्या. काय बोलत होत्या विचारलं तर म्हणाली, "बायकांचं."

तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला: सदर जमीन निम्म्यावर साफ केली असून खतासाठी मेंढरं बसविली आहेत, तरी पाहणी व्हावी.

२७ जानेवारी, रविवार

काम उत्तम चाललं आहे. मेंढरं आता शिस्तीला लागली. पहिले दोन दिवस उतारभर पांगायची. आता ऊन चढलं की बरीचशी आपण होऊन कड्याच्या सावलीला ओळीने जाऊन उभी राहतात, कुणाला हाकावं लागत नाही. धुळाला म्हटलं, बघ, जागेची सवय झाली. तो काही बोलला नाही. तो मुळातच कमी बोलतो.

३ फेब्रुवारी, रविवार

एक मेंढी मेली. दोन दिवस खात नव्हती. कान सुजून जाड झाले होते, नाकाची कातडी तडकली होती. बयाबाईने तिच्या डोळ्याची पापणी उलटी करून मला दाखवली. आत पिवळं, हळद लावल्यासारखं. मी म्हटलं, एखादी जाते. ती म्हणाली, "व्हय, एकांदी जाती."

फुटवा तीन एकरांवरून गेला.

६ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीचं पत्र आलं. बुधवारी तेराला साहेब पाहणीला येणार. साळूला वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि पदराला बांधलं. वाचता येत नाही, तरी.

मेंढरं आणखी चार गेली. बयाबाईने कड्याच्या देवाला नारळ फोडला. तिला वाटतं, आपण परक्या डोंगराला न विचारता बसलो, देव कोपला. धुळा मला म्हणाला, "हवालदार, तुमी लिवनारं-वाचनारं. पाटनला जाऊन ढोरांच्या डाक्टरला इचारून या. मला मेंढरं सोडून हलता येत न्हाई." मी शनिवारी जातो म्हटलं.

९ फेब्रुवारी, शनिवार

पाटणला जाऊन आलो. डॉक्टर तरुण आहे, घाईत होता. मी लक्षणं सांगायला लागलो तर पुढची त्यानेच सांगितली. सावलीला उभ्या राहतात? कान सुजतात? लघवी चहासारखी? मग म्हणाला, "रोग नाही, विषबाधा आहे. घाणेरी खाल्लीय. इथली जनावरं तिला तोंड लावत नाहीत, बाहेरून आलेली भुकेली जनावरं खातात. आजच्या आज तिथून हलवा. ज्यांनी खाल्लंय त्यांतली काही जातील, काही सावलीत ठेवून वाचतील. ज्यांनी अजून फारसं खाल्लं नाही त्या सगळ्या वाचतील. कुणी बसवली हो तिथं?"

मी म्हटलं, शेतमालकाने.

बसमधे विचार केला. मेंढरं आज उठवली तर साहेबांना दाखवायला काय राहील? जळकी खोडं आणि वरच्या पट्ट्यातला फुटवा. अर्जात मी मेंढरांचा उल्लेख केला आहे. साहेब बुधवारी येणार. मधे चार दिवस. ज्यांना मरायचं आहे त्यांनी आधीच खाल्लेलं आहे, त्यात आता माझ्याने फरक पडत नाही.

धुळा ओढ्यापाशी वाट पाहत उभा होता. "काय म्हनलं डाक्टर?"

मी म्हटलं, सावलीला ठेवा म्हणाले. खोटं बोललो नाही. डॉक्टर ते म्हणालेच होते.

धुळाने माझे हात धरले. "लय उपकार झालं."

१० फेब्रुवारी, रविवार

दोन गेल्या. वरचा पट्टा चरायला सुरुवात.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज उतारावर गेलो नाही. पाय दुखत होता. घरी बसून साहेबांच्या चहाची तयारी केली, म्हणजे कप सयाजीच्या बायकोकडून मागून ठेवले. साळू वर गेली होती.

ज्ञानू सांगून गेला, आज तीन.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दिवेलागणीला साळूने विचारलं, "डाक्टर नेमकं काय म्हनलं?"

मी सावलीचं सांगितलं.

"ते धुळा बोलला. आनि काय म्हनलं?"

सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची मला सवय आहे. सगळं सांगितलं. घाणेरी, विष, आजच्या आज हलवा. कधी म्हणाले तेही सांगितलं. पुढे असंही म्हटलं की उद्या दुपारपर्यंतचाच प्रश्न आहे, आणि हे सगळं मी कुणासाठी करतोय ते तिला माहीत आहे.

ती पीठ मळत होती. मळायची थांबली नाही. मला वाटलं, पटलं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठलो तर साळू घरात नव्हती. उतारावर गेलो तर मेंढरं नव्हती. ओढ्याकाठचा तळही उठला होता. तीन दगडांची चूल तेवढी राहिली होती, राख अजून गरम. साळू वाटेत भेटली. पायांना दहिवर लागलेलं, पदर ओला. मी विचारलं, कुठे गेले. ती म्हणाली, "घराकडं." आणि मला ओलांडून खाली गेली.

साहेब साडेअकराला आले. बरोबर तलाठी आणि एक शिपाई. साहेब जाडजूड, उतार चढायला तयार होईनात. खालीच उभं राहून त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. म्हणाले, "मेहनत केलीत हवालदार. तोड चांगली झालीये. ताली घालून घ्या पावसाआधी, नाहीतर माती ओढ्यात जाईल." कागदावर सही केली. जमीन माझी झाली.

मेंढरांविषयी त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच विषय काढला, की खतासाठी मेंढरं बसवली होती, आजच उठली. ते म्हणाले, "असं का? बरं." आणि चहाचं विचारलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

ताली घालायला सुरुवात केली. दगड इथेच भरपूर आहे. एक ताल वीस फूट झाली. काम एकट्याने.

साळूला बरं नाही असं म्हणावं तर ती सयाजीच्या शेतात खुरपायला गेली.

२४ फेब्रुवारी, रविवार

दुसरी ताल. फुटवा पुन्हा दिसतो आहे, पण पूर्वीइतका नाही. रोज वीस खोडं मुळासकट काढतो. जमीन आपली झाल्यावर घाई राहिली नाही.

आज दगड लावताना एक गोष्ट डोक्यात येत राहिली. साहेब खालूनच बघून गेले. तिथून मेंढरं दिसलीही नसती. म्हणजे शनिवारीच उठवली असती तरी सही झालीच असती. हे मला शनिवारी कसं कळणार होतं? कळणार नव्हतं. तरी डोक्यातून जात नाही.

३ मार्च, रविवार

घराची आखणी केली. चुना टाकून रेषा मारल्या. दोन खोल्या, पुढे पडवी. साळूने पहिल्या दिवशी दाखवली होती तिथेच चूल धरली. मग घरी जाऊन तिला म्हटलं, चल, बघून घे, काही बदलायचं असलं तर आत्ताच सांग.

ती म्हणाली, "बांधा तुमी. मी तितं यायची न्हाई."

मी विचारलं, का. तिच्यासाठीच तर सगळं.

"मी त्येंला पाला सांगितला," ती म्हणाली. "पाल्यानं मेली, देवानं न्हाई, येवडं सांगितलं. बयाबाई रडली. म्हनली, हवालदाराला तरी काय ठावं असनार. मी गप बसले. शनवारचं बोलले न्हाई. ते मी कशी सांगू? ते तुमी सांगा."

मी म्हटलं, आता सांगून काय होणार, मेलेली मेंढरं उठणार आहेत का.

"न्हाई उठायची," ती म्हणाली. "पर ती बाई आजून तुमास्नी चांगला समजती. त्या चुलीवर मी भाकरी थापायची आनि ती तिकडं तुमचं नाव काडून हात जोडायची. मला घास न्हाई जायचा."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी इतकं लांब बोलली असेल. मला राग आला. अठरा वर्षं दुसऱ्याच्या चुलीवर काढली तेव्हा घास गेला, आता जात नाही! असं बोलूनही दाखवलं. ती गोठ्यात निघून गेली.

४ मार्च, सोमवार

काम केलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

होळी. गावात पोळी होती. साळूने मला वाढलं, स्वतः जावेबरोबर बसली. ज्ञानू विचारत होता, घर कधी उभं राहतं. मी म्हटलं, बघू.

उतारावर जाऊन बसलो. चुन्याच्या रेषांवर घाणेरीचे कोंब आलेत. उपटून टाकले. नंतर कड्याच्या सावलीत गेलो, मेंढरं उभी राहायची तिथे. खडकाला लोकर चिकटली आहे. शिस्त म्हणून मी वहीत लिहिली होती ती ही जागा. कातडी भाजत होती म्हणून ती इथे येत होती, आणि मी धुळाला सांगत होतो, जागेची सवय झाली. धुळाला तेव्हाच काहीतरी खुपलं असणार. हवालदारासमोर बोलला नाही.

मला लाज वाटली. हा शब्द या वहीत पूर्वी लिहिल्याचं आठवत नाही.

११ मार्च, सोमवार. विटा, एस.टी. स्टँड

सकाळच्या गाडीने कराड, तिथून विटा. स्टँडसमोर सोनं आटवायची कामं करणारी पोरं सुट्टीला आलेली, कुणी मद्रासहून, कुणी कलकत्त्याहून, चकचकीत बॅगा घेऊन. त्यांतल्या एकाला धुळाची वस्ती माहीत होती. पाच मैल चाललो. सगळा माळ. सावलीला बाभळीशिवाय झाड नाही, आणि घाणेरी कुठेच नाही.

वस्तीवर धुळा नव्हता, मेंढरं घेऊन गेला होता. बयाबाई दारात लोकर कातत बसली होती. मला बघून उठली. "आवं हवालदार! येवड्या लांब! साळूबाई बरी हाय न्हवं?" घोंगडं अंथरलं. दूध आणायला उठली. मी म्हटलं, आजी, आधी बसा. ती बसली.

अंगणात पाच-सहा कोकरं बांधली होती. मी विचारलं तर म्हणाली, सोयऱ्यांनी दिली. कुणाचा कळप मेला की भावकीतला एकेकजण एकेक कोकरू आणून बांधतो, कळप पुन्हा उभा राहतो. "आमी बी दिल्याती," म्हणाली. उतारावर आणि वाटेत मिळून एकूण एकोणीस गेली. बाकीची सावरली.

मग मी सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, उभं राहून. डॉक्टरने शनिवारी सांगितलं होतं, आजच्या आज हलवा. मी बुधवारपर्यंत सांगितलं नाही. साहेब येणार होते म्हणून.

हातातली चाती फिरायची थांबली.

"शनवारी?" ती म्हणाली.

शनिवारी.

"धुळानं हात धरलं व्हतं तुमचं, त्या शनवारी?"

हो म्हटलं.

मी म्हटलं, मीही कोकरू आणून देतो. एक नाही, चार देतो. ती मान हलवत म्हणाली, "कोकरू सोयऱ्यानं द्यायचं असतंया." रागाने नाही. माहीत नसलेल्या माणसाला रीत सांगावी तसं.

जी खूप आधी आजारी पडली त्यांचं जाऊ दे, असं काहीतरी मी बोलायला लागलो. डॉक्टर म्हणाला होता की आधी खाल्लेली जाणारच होती, कुठली कशाने गेली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मला येतंय की."

डोळे मिटून तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. कोण कुठल्या दिवशी चरायचं सोडून उभी राहिली, कोण रविवारपर्यंत पोटभर चरत होती, कुणी सोमवारी वरच्या पट्ट्यात पहिल्यांदा तोंड घातलं. एकेक दिवस, एकेक मेंढी. पंधरा पेरं तिने बाजूला केली. चार राहिली.

"तुमी रोज लिवता म्हनं," ती म्हणाली. "साळूबाई सांगत व्हती. वही हाय संगं?"

होती. काढली.

"लिवा मग. भोरी. कानी. लांडी. चांदी, ती गाभन व्हती."

मी लिहिलं.

"वाचा."

भोरी. कानी. लांडी. चांदी, गाभण होती.

"ही चार तुमची, हवालदार. बाकीची डोंगराची."

मग तिने दूध आणलं. धुळाचं विचारलं तर म्हणाली, त्याला मी सांगेन, तुम्ही थांबू नका. मी निघालो. ती दारापर्यंत आली नाही.

गाडी साडेचारची आहे. अजून अर्धा तास. घरी जाऊन साळूला सांगायचं आहे, ती काय म्हणेल माहीत नाही. बाकावर बसून चारही नावं पुन्हा वाचली. बावीस रात्री ती माझ्या उतारावर होती, रोज सकाळी मी ती मोजत होतो, आणि चौघींतली एकही आठवून बघितली तर मला दिसत नाही.